बदकाच्या एकट्या पिल्लासाठी जोडीदार शोधताना

बदकाची एक-दोन पिल्लं कुणी विकत का देत नाही, याचं पटण्यासारखं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. त्याचा राग डोक्यात आहे तोवरच लिहून टाकते, म्हणजे ज्यांच्या घरी असंच अचानक एकटं पिल्लू येईल त्यांची वणवण तरी वाचेल.

आमचं घर कुडाळजवळ. शेजारच्या काकींनी खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवली होती. कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात, बदकाच्या अंड्यांना २८ लागतात, आणि तेवढे दिवस सगळ्याच कोंबड्या नेटाने बसत नाहीत. ही बसली, पण फुटलं एकच अंडं. बाहेर आलेलं चपट्या चोचीचं ते पिल्लू बघून कोंबडी त्याला टोचायलाच लागली. काकी त्याला पदरात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आल्या, कारण आसपास इन्व्हर्टर फक्त आमच्याकडे. चोचीच्या टोकाला कवच फोडायचा तो बारीक पांढरा दाणा अजून तसाच होता.

उबेचं काम सोपं आहे. पुठ्ठ्याचा मोठा खोका, एका कोपऱ्यावर ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब. एलईडीचा काही उपयोग नाही, त्याला पुरेशी ऊब नसते. बल्बखाली पहिल्या आठवड्यात साधारण ३२ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. खोक्याचा दुसरा कोपरा मात्र गार ठेवा, म्हणजे उकडलं तर पिल्लू आपण होऊन सरकतं. खाली वर्तमानपत्र घालू नका, पाय घसरून फाकतात आणि मग सरळ होणं कठीण. धुतलेलं गोणपाट उत्तम. पहिल्या दिवशी पिल्लाने काही खाल्लं नाही तर घाबरू नका, पोटात बलक शिल्लक असतो.

खरी अडचण ऊब आणि खाणं यांची नव्हतीच. पिल्लू एकटं होतं, ही अडचण होती.

बदकाचं पिल्लू जन्मल्यावर पहिल्या काही तासांत जे हलतं-बोलतं दिसेल त्याच्या मागे लागतं. कॉनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने रानहंसांच्या पिल्लांवर हेच दाखवलं होतं, ती पिल्लं त्याच्याच मागे रांगेने फिरत. १९७३ साली नोबेल मिळालेल्या तिघांत तो होता. वाचायला हे गोड वाटतं. घरात त्याचा अर्थ असा की मी स्वयंपाकघरात गेले की खोक्यातून आवाज सुरू. सुखात असलं की पिल्लू हळू, थरथरत्या आवाजात बोलत राहतं. एकटं पडलं की मान ताणून, चोच वर करून, तीच एक धारदार पी-पी-पी, आणि ती थांबतच नाही. रात्री मी खोक्यात हात घालून बसायची. तळव्याखाली शिरून, चोच माझ्या मनगटाला टेकवून ते झोपायचं. हात काढला की पुन्हा सुरू. ओरडून ओरडून त्याची ताकद संपते, खाणं कमी होतं. काकींनी सरळच सांगितलं होतं, "वैनी, एकटा ता जगाचा नाय."

म्हणून जोडीदार शोधायला निघाले.

हॅचरीला, म्हणजे अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्या केंद्राला, फोन केला. "मॅडम, शंभराचा खोका आहे. त्याखाली होत नाही." मी म्हटलं, दोनच हवीत, शंभराच्या भावाच्या दुप्पट भाव देते. "दोनाचं बिल कसं करू?" वर तोच माणूस सांगतो की शंभर घेतली तर दोन जादा मिळतील, फुकट. वाटेत मरतूक होते, म्हणून शंभरामागे दोन वरची टाकतात. म्हणजे मेली तर मेली म्हणून दोन पिल्लं तुम्ही सहज देऊ शकता, पण जगवायला मागणाऱ्या बाईला तीच दोन पैसे घेऊनही देता येत नाहीत! मी हे त्याला विचारलं. त्याने फोन ठेवला.

मग एक एजंट भेटला. तो म्हणाला, गाडी येते तेव्हा स्टॉपवर या, एखाद्या खोक्यातून काढून देतो. मुलाला शाळेत सोडून तिथे जाऊन उभी राहिले. गाडी दुपार टळून गेल्यावर आली, आणि सगळी ब्रॉयलरची पिल्लं. बदकं पुढच्या खेपेला म्हणे. पुढच्या खेपेला बदकं होती, पण सगळ्या खोक्यांवर नावं पडलेली, एकही पिल्लू काढून देणार नाही. "एका पिल्लासाठी एवढं?" असं त्याने वर विचारलं. हो, एवढंच. जे जिवंत आपल्या हातात आलंय त्याच्यासाठी एवढं करायलाच हवं, आणि जो पिल्लांवर पोट भरतो त्याला हे सांगावं लागू नये.

या सगळ्या दिवसांत मी काय केलं तेही सांगते. खोक्याच्या आत आरसा टेकवून ठेवला, दिवसा त्याचा बराच उपयोग होतो, पिल्लू आरशाला बिलगून बसतं. रात्री गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवली. वीज जाते तेव्हाही हीच बाटली कामाला येते. काकींचं कोंबडीचं एक पिल्लू दिवसा सोबतीला आणून बघितलं. सोबत झाली, पण बदक पाण्याच्या भांड्यात सगळं उडवतं आणि कोंबडीचं पिल्लू भिजून गारठतं. नजर ठेवता येत असेल तेवढाच वेळ ठेवा.

सुटका शेवटी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात झाली, तीही मी जीवनसत्त्वाचं विचारायला गेले तेव्हा. तिथल्या पशुधन पर्यवेक्षकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, नदीपलीकडच्या बचत गटाने नुकतीच खाकी कॅम्पबेल जातीच्या बदकांची बॅच आणलीय, तिथे जा. हे मला पहिल्या दिवशी सुचवणारं कुणी भेटलं असतं तर! तुम्ही इथूनच सुरुवात करा. हॅचरीला फोन करू नका, तालुक्यात बॅच कुणी घेतलीय ते दवाखान्यात विचारा. गटातल्या ताईंनी तर विचारलं, "दोन कित्याक? तीन घेवन जा." तीन आणली. आमचं पिल्लू थोडं मोठं होतं, म्हणून पहिला तासभर मी तिथेच बसून राहिले. त्याने मान लांब करून एकेकाला चोचीने चाचपलं, मग तिघांच्या मध्ये घुसून बसलं. त्या रात्री मी पहिल्यांदा आडवी होऊन झोपले.

जीवनसत्त्वाचं राहिलं. कोंबडीच्या पिल्लांचा स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य, चालतो, पण बदकाच्या पिल्लाला नायसिन हे ब-गटातलं जीवनसत्त्व कोंबडीपेक्षा बरंच जास्त लागतं. ते कमी पडलं की पाय वाकतात, पिल्लू गुडघ्यांवर बसत चालतं. पोल्ट्रीचं बी-कॉम्प्लेक्स पाण्यातून देता येतं, मात्रा दवाखान्यातूनच घ्या. स्टार्टर औषध न घातलेला मागा. पाव अजिबात नको. उकडलेल्या अंड्याचा बलक, बारीक चिरलेला पाला, अझोला (पाण्यावर वाढणारं बारीक शेवाळासारखं नेचं) आवडीने खातात. खाणं आणि पाणी नेहमी शेजारी-शेजारी, कारण पाण्याशिवाय घास घशात अडकतो. भांडं इतकं खोल हवं की नाकपुड्या बुडवून धुता येतील, पण पिल्लू आत पडलं तर बुडणार नाही. मी त्यात गोटे टाकले. पोहायला सोडायची घाई नको, आईविना वाढणारं पिल्लू लवकर भिजतं आणि गारठतं.

आणि आपल्याकडच्या पावसात सगळ्यात महत्त्वाचं: खाद्याला ओल लागू देऊ नका. बुरशीच्या विषाला बदकाची पिल्लं फार लवकर बळी पडतात. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीने एक लाखावर टर्की पक्षी मेले, बदकाची पिल्लंही मेली, आणि त्या शोधातूनच अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष सापडलं. पिशवी उघडल्यावर कुबट वास आला तर फेकून द्या, पैशांकडे बघू नका.

हे सगळं पाळीव बदकाबद्दल आहे. तळ्याकाठी हळदी-कुंकू किंवा अडई अशा रानबदकाचं पिल्लू दिसलं तर घरी आणू नका. आई बहुतेक जवळच असते, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. खरंच अडचणीत असेल तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

सिंधुदुर्गात कुणी बदकांची बॅच घेणार असेल तर एक विनंती: आल्याबरोबर दवाखान्यात कळवून ठेवा, आणि दोन-चार पिल्लं सुटी द्यायची तयारी असेल तर तेही तिथे सांगून ठेवा.