समोरचा शाफ्ट काढण्याआधी ट्रान्सफर केस बघा

शेवरोले ॲस्ट्रो व्हॅन आणि तिची जुळी बहीण जीएमसी सफारी. यांतली ऑल-व्हील ड्राइव्हवाली गाडी 1990 पासून 2005 पर्यंत निघाली. अमेरिकेत जुनी व्हॅन घेऊन कॅम्पर करणाऱ्यांच्या हाती ती अजून येते. समोरचं डिफरन्शियल (पुढच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा डबा) ओरडायला लागलं की पहिला सल्ला मिळतो, 'समोरचा शाफ्ट काढून टाक, टू-व्हील झाली.' म्हणजे त्या डिफरन्शियलला ताकद नेणारा लांब दांडा. हा सल्ला अर्ध्या गाड्यांना चालतो आणि अर्ध्यांची वाट लावतो.

जिप्सी किंवा बोलेरोची सवय असलेल्यांची इथे हमखास गफलत होते. त्या गाड्यांत लिव्हर 2एचवर (फक्त मागची चाकं) टाकला की समोरची चाकं सुटतात, मग शाफ्ट असला काय नि नसला काय. ॲस्ट्रोला लिव्हरच नाही. ताकद चारही चाकांना सतत जाते किंवा गाडी स्वतःच ती वाटते.

म्हणून आधी खाली शिरून ट्रान्सफर केस बघा, म्हणजे गिअरबॉक्सच्या मागचा, ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा. 1998 पर्यंतच्या गाड्यांत बोर्ग-वॉर्नर 4472 आहे. 1999 पासून एनपी 136 आली आणि तिच्या अंगावर इलेक्ट्रिक मोटर दिसते. मोटर दिसली तर काम सोपं आहे. मागची चाकं थेट चालतात, समोरची फक्त क्लच दाबला की जोडली जातात. समोरचा शाफ्ट काढा आणि मोटरचा कनेक्टरही सोडवा. नाहीतर समोरचा शाफ्ट फिरत नाही म्हणजे मागचं चाक घसरतंय असं समजून ट्रान्सफर केसचा कंट्रोल मॉड्यूल (छोटा कॉम्प्युटर) उगाच क्लच दाबत राहील. डॅशबोर्डवर दिवा लागेल, तो लागू द्या.

4472 चं दुखणं वेगळं आहे. तिच्यात प्लॅनेटरी सेंटर डिफरन्शियल आहे, म्हणजे समोर आणि मागे ताकद वाटणारे मधले गिअर. साधारण 35 टक्के ताकद समोर, 65 टक्के मागे. समोरचा शाफ्ट काढला की ताकद मोकळ्या बाजूने निसटायला बघते आणि तिला अडवायला उरतं ते एकटं व्हिस्कस कपलिंग, म्हणजे घट्ट तेलाच्या जोरावर दोन्ही बाजू एकत्र धरणारा डबा. गाडी चालते, म्हणूनच माणूस फसतो. पण मागच्या चाकांची सगळी ओढ आता त्या सीलबंद डब्यातल्या सिलिकॉन तेलावर येते. चढावर ते तापतं आणि शेवटी कपलिंग संपतं. त्यात तेल भरायची सोय नाही. त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे गिअर 'पी'वर असला तरी गाडी उतारावर हळूहळू सरकते. 'पी' गिअरबॉक्सचा शाफ्ट अडवतो, पण मधलं डिफरन्शियल मोकळं असल्याने मागची चाकं फिरू शकतात. तात्पुरतीसुद्धा अशी चालवायची झाली तर हँडब्रेक ओढल्याशिवाय आणि चाकाला उटी लावल्याशिवाय गाडी सोडू नका.

4472 वर कायमचा उपाय म्हणजे ट्रान्सफर केस काढून टू-व्हील ड्राइव्हचा गिअरबॉक्स बसवणं. आहे त्याच गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट बदलू, असा मोह होतो. ऑल-व्हीलचा शाफ्ट आखूड असतो, आणि तो बदलायचा तर पंपापासून सगळा गिअरबॉक्स उघडावा लागतो. भंगारातल्या, शक्यतो त्याच वर्षाच्या टू-व्हील ॲस्ट्रोचा अख्खा गिअरबॉक्स स्वस्त पडतो. 1993 च्या आधीचा आणि 1993 पासूनचा गिअरबॉक्स अदलाबदल करू नका. 1993 पासूनचा 4एल60-ई कॉम्प्युटरवर चालतो. त्याच गाडीतून प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे जाणारा), त्याचं गिअरबॉक्समध्ये सरकणारं टोक म्हणजे यॉक, मागचा माउंट आणि क्रॉसमेंबरही उचला. लांब बॉडीची ॲस्ट्रो फक्त मागे वाढवलेली आहे, व्हीलबेस दोन्हींचा 111 इंचच. त्यामुळे शाफ्टची लांबी जुळते. तरी गाडी चाकांवर उभी असताना यॉक आत आपटेपर्यंत 20 ते 25 मिमी जागा उरते का, ते मोजा. वेगाचा सेन्सर आधी ट्रान्सफर केसवर होता, आता टेल हाउसिंगवर (गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावर) येईल. दोन तारांचा आहे, वायरिंग हार्नेस लांबवावा लागतो. हे विसरलं तर स्पीडोमीटर बंद आणि 4एल60-ई गिअर नीट बदलत नाही.

आता समोरची बाजू. डिफरन्शियल तसंच ठेवलं तर चाकांबरोबर त्याचे गिअर फिरतच राहतात, म्हणून त्यातलं तेल बघत राहायचं. पेट्रोलची बचतही फारशी दिसत नाही. डिफरन्शियल आणि हाफ-शाफ्ट (त्यापासून चाकांपर्यंतचे दांडे) काढायचे असतील तर एक चूक करू नका: हब मोकळा सोडू नका. व्हील बेअरिंगचे दोन भाग बाहेरच्या सीव्ही जॉइंटच्या (हाफ-शाफ्टच्या चाकाकडच्या वळणाऱ्या सांध्याच्या) दांड्याने आणि त्याच्या नटाने एकमेकांवर दाबून धरलेले असतात. दांडा नसला की बेअरिंग सुटं पडतं आणि चाक डगमगायला लागतं. बाहेरचा जॉइंट उघडा, आतल्या गोळ्या, पिंजरा, ग्रीस काढून टाका. दांडा असलेली वाटी परत हबमध्ये घाला आणि नट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा, अंदाजाने नको.

वजन कमी झालं की नाक वर येतं. ऑल-व्हील ॲस्ट्रोला समोर कॉइल स्प्रिंग नाहीत, टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळया) आहेत. काम सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या काठापर्यंत उंची मोजून लिहून ठेवा. नंतर टॉर्शन बारचे बोल्ट ढिले करून तीच उंची आणा आणि मगच अलाइनमेंट करा.