पाठीत कॅथेटर कशाला, असं विचारता म्हणून

‘एका इंजेक्शनात उरकणाऱ्या कामाला पाठीत कॅथेटर कशाला?’ सर्जन विचारतात, ज्युनियर विचारतात, ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरही विचारतात. मी भूल देणारा डॉक्टर; कमरेखालचा भाग बधिर करायला काही पेशंटांच्या मणक्यातल्या पाण्यात बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, ठेवून औषध थोडं थोडं देतो. का, ते एकदाच सांगतो.

हौस नाही. धडधाकट माणसाला मीही एकच स्पायनल, म्हणजे मणक्यात एकदाच इंजेक्शन, देतो. पण हृदयाची महाधमनीची झडप अरुंद झालेल्या पेशंटला 12-15 मिलिग्रॅम हेवी बुपिव्हाकेन (बधिर करणारं जड औषध) एकदम दिलं की रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी कोसळतं, आणि त्या अरुंद वाटेतून हृदयाला जास्तीचं रक्त ढकलता येत नाही. आत गेलेलं औषध परत काढता येत नाही. कॅथेटर असलं की अडीच मिलिग्रॅम देऊन थांबता येतं. एवढ्यासाठी खटाटोप.

ती ऐंशी पार केलेली आजी घ्या. खुब्याचं हाड मोडलेलं, इकोमध्ये झडपेचं तोंड जेमतेम 0.7 चौरस सेंटिमीटर, चुलीच्या धुरानं फुप्फुसं गेलेली. फिजिशियननं ‘हाय रिस्क’ लिहून सही केली. ते आम्हालाही दिसत होतं. आधी मांडीत ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) दिला, मग कुशीवर वळवलं. 18 गेजची जाड टुही सुई, त्यातून 20चं कॅथेटर (गेजचा आकडा लहान तितकी जाडी जास्त), तीनेक सेंटिमीटर आत. अर्धा मिली, म्हणजे अडीच मिलिग्रॅम, दिला. थांबलो. सर्जन हात धुऊन उभे, नजर घड्याळावर. ‘लागलं का?’ गुडघ्यापर्यंत लागलं होतं. आणखी अर्धा मिली. बीपी 150 वरून 124. बीपी वर आणायला फिनाइलएफ्रिन 50 मायक्रोग्रॅम. स्पिरिटचा बोळा बेंबीपर्यंत गार लागेना, तेव्हा म्हटलं, करा सुरू. रॉड बसायला वेळ लागला, मध्ये आणखी अर्धा मिली दिला. आजी शेवटपर्यंत बोलत होती, सुनेची तक्रार करत होती.

आठवड्याभरात न्यूमोनियानं गेली. सर्जन म्हणाले, ‘मग तुमच्या कॅथेटरनं काय मिळालं?’

रागावलो होतो. टेबलावर गेली नाही, असं म्हणालो. ते उत्तर तिच्या मुलाला मात्र देववलं नाही.

2021ची रीगेन ट्रायल पुढे करू नका. खुब्याच्या 1600 पेशंटांत स्पायनल आणि जीए (पूर्ण भूल) सारखेच ठरले, मान्य. पण झडपेचा असा तीव्र आजार असलेले त्यात घेतलेच नव्हते. कॅथेटरनं जीव वाचतात याचा भक्कम पुरावा माझ्याकडेही नाही.

विद्यार्थी असताना मी या तंत्रावर फुलीच मारली होती. 24 गेजपेक्षा बारीक स्पायनल कॅथेटरं अमेरिकेच्या एफडीएनं 1992मध्ये बाजारातून काढायला लावली, हे वाचलं होतं: हेवी लिग्नोकेन (बधिर करणारं दुसरं औषध) एकाच जागी साचून पेशंटांच्या पायांच्या, लघवीच्या नसा गेल्या होत्या. माझ्यातल्या त्या विद्यार्थी पोराला आज सांगतो, आपलं कॅथेटर जाड आहे, औषध बुपिव्हाकेन आहे, तेही थोडं थोडं. तो म्हणतो, जाड सुईनं डोकं दुखेल. म्हाताऱ्यांत कमी दुखतं, मी म्हणतो. ‘आणि रात्री वॉर्डात कुणी एपिड्युरल (मणक्यातल्या पाण्याच्या बाहेरची, जास्त मात्रेची नळी) समजून दहा मिली ढकललं तर?’

म्हणून मी वॉर्डात पाठवतच नाही, टेबलावरच काढून टाकतो. ‘मग रात्रीच्या दुखण्याचं काय?’ असं तो विचारतो.