शून्यावर थांबलेला पारा

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असा शाळेतून फोन आला तेव्हा मी कारखान्यात शिफ्टच्या मीटिंगमध्ये होते. लगेच हो म्हटलं. रात्री लिहायला बसले तर गॅदरिंग आठवलं, पटांगण आठवलं, मधल्या सुट्टीतल्या कैऱ्या आठवल्या, पण मन फिरून फिरून एकाच माणसापाशी येऊन थांबलं. आपले विज्ञानाचे सर. माझं नाव कुठे छापायचं नाही, असं ते निवृत्त होताना बजावून गेले होते, म्हणून इथेही लिहीत नाही. आमच्या 1985 च्या बॅचला आणि मागच्यापुढच्यांना ते सांगावंही लागणार नाही.

सर वस्तू हातात दिल्याशिवाय धडा सुरू करत नसत. गणपतीआधी शाळेला रंग काढायचा तेव्हा चुना विरवायचं काम त्यांनी गड्याकडून मागून घेतलं होतं. पत्र्याच्या डब्यात कळीचा चुना, त्यावर तांब्याभर पाणी. बघता बघता खडे फुटले, डबा खदखदायला लागला. खाली जाळ नाही, वर ऊन नाही. सरांनी एकेकाला लांबून डब्याची धग घ्यायला लावली आणि मग फळ्यावर शब्द लिहिला, उष्मादायी. दुसऱ्या दिवशी कल्हईवाल्याकडून आणलेला नवसागर पाण्यात टाकून ते भांडं आमच्या हातात दिलं. गार! हा उष्माग्राही. हे दोन शब्द मला कधी पाठ करावे लागले नाहीत.

पण मला सांगायचं आहे ते बर्फाच्या प्रयोगाबद्दल.

सर पहाटे सायकलने मिरकरवाड्याला गेले आणि मच्छीवाल्यांच्या बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा घेऊन आले. गोणपाटात गुंडाळलेला, भुश्याने माखलेला. धुऊन, फोडून प्रत्येक गटाला 200 ग्रॅम वाटला. स्पिरिटचा दिवा, चंचुपात्र, थर्मामीटर, काचेची कांडी. दर मिनिटाला ढवळायचं आणि पारा बघून लिहायचं.

आमच्या गटात लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. पहिल्या मिनिटाला शून्य, दुसऱ्या मिनिटाला शून्य, पाचव्यालाही शून्य. खाली दिवा पेटलेला आणि पारा जागचा हलत नाही! मला वाटलं थर्मामीटर बिघडलाय, आपला गट मागे पडणार. मग मी माझ्या मनाने लिहायला सुरुवात केली. एक, दोन, चार, पाच. अगदी नीट, चढत जाणारे आकडे.

सर टेबलापाशी आले तेव्हा वहीत नऊ अंश होते आणि पाण्यात बर्फाचा चांगला लिंबाएवढा खडा तरंगत होता. त्यांनी आधी विचारलं, "ढवळत होतात ना? न ढवळता तळाचं पाणी थोडं वर चढू शकतं." मी म्हटलं, हो सर, ढवळत होतो. त्यांनी थर्मामीटरकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. एवढंच म्हणाले, "शाळा सुटल्यावर थांब."

शाळा सुटली. पोटात गोळा आला होता. सरांनी भुश्यातला उरलेला बर्फ काढला, पुन्हा 200 ग्रॅम वजन केलं, दिवा लावला आणि स्वतः ढवळायला बसले. मी घड्याळ बघून लिहायचं. 17 मिनिटं शून्य. 17 वेळा मी माझ्या हाताने शून्य लिहिलं. शेवटची कपची विरघळली आणि पारा सुटला. सर म्हणाले, "एक ग्रॅम बर्फ वितळायला 80 कॅलरी लागतात. तेवढ्याच कॅलरीत एक ग्रॅम पाणी शून्यावरून 80 अंशांवर जातं. एवढी उष्णता इतका वेळ आत जात होती आणि तुला दिसत नव्हती. पारा हलत नाही म्हणजे काही घडत नाही, असं नसतं गं." त्यालाच पुस्तकात अप्रकट उष्मा म्हटलं होतं. पुढच्या 17 मिनिटांत पारा 64 वर गेला. मी 80 लिहू का, असं विचारलं नाही. 64 च लिहिलं. सरांनी शेजारी लाल शाईने विचारलं, "का?" मग काच, वारा, उघडं तोंड, सगळीकडे निसटलेल्या उष्णतेचा हिशेब आम्ही दिवेलागणीपर्यंत करत बसलो. मला ओरडले नाहीत. घरी कळवलं नाही.

त्याच शालेय वर्षात, 1984 च्या डिसेंबरात, भोपाळच्या कारखान्यातली विषारी वायुगळती झाली. सर वर्तमानपत्र घेऊन वर्गात आले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. टाकीत पाणी शिरलं, आतल्या रसायनाशी उष्मादायी अभिक्रिया सुरू झाली आणि टाकी थंड ठेवणारी यंत्रणा आधीपासूनच बंद होती, हे मी पुढे इंजिनिअरिंगला असताना वाचलं. तेव्हाच ठरवलं की याच कामात जायचं.

गेली 26 वर्षं मी रासायनिक कारखान्यांत प्रक्रियेच्या सुरक्षेचं काम करते आहे. सुरुवातीच्या काळातली एक रात्र. एका रिॲक्टरचं तापमान लॉगबुकात दर अर्ध्या तासाला 40, 40, 40. ऑपरेटर खुशीत होता, मॅडम, बॅच एकदम शांत आहे म्हणाला. मी ब्राइनचा, म्हणजे रिॲक्टर थंड ठेवणाऱ्या गार खाऱ्या पाण्याचा, व्हॉल्व्ह बघितला. पूर्ण उघडलेला. संध्याकाळी तो पाव उघडा होता. म्हणजे आत उष्णता वाढत चालली होती आणि ब्राइन ती सगळी उचलत होतं, म्हणून काटा जागेवर होता. आता आणखी उचलायला जागा उरली नव्हती. तापमान 10 अंशांनी वाढलं की अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, पण थंडावा त्या हिशेबाने वाढत नाही. एकदा काटा सुटला की तो हाताला लागत नाही. मी डोझिंग, म्हणजे आत थोडं थोडं रसायन सोडणं, बंद करायला लावलं. दीड तासाने व्हॉल्व्ह निम्म्यावर आला. त्या पूर्ण वेळात माझ्या डोळ्यांपुढे सरांची प्रयोगशाळा होती, आणि पाण्यात तरंगणारा तो बर्फाचा खडा.

मागच्या वर्षी शाळेत आले होते. नवी इमारत सुंदर झाली आहे. प्रयोग आता पडद्यावर दाखवतात, आलेख आपोआप उमटतो, 17 मिनिटं 10 सेकंदांत सरतात. मला फार वाईट वाटलं. शिक्षकांचा दोष नाही, त्यांच्यामागे कामं किती असतात ते मी पाहिलं. पण मुलांच्या हाताला बर्फ लागायला हवा. दोन डझन थर्मामीटर आणि स्पिरिटचे दिवे मी पाठवले आहेत. ते कपाटात राहू नयेत, एवढी हात जोडून विनंती.

माझी दहावीची जर्नल आईने जपून ठेवली होती. त्यातलं खोट्या आकड्यांचं पान मी त्या संध्याकाळी फाडायला निघाले होते. सरांनी हात धरला, म्हणाले, "राहू दे. दोन्ही पानं समोरासमोर राहू देत." ती जर्नल महोत्सवाच्या प्रदर्शनासाठी या लेखासोबत पाठवते आहे. कृपया तेच पान उघडं ठेवावं.