डीप डिश पिझ्झा करायचा तर मोहन सढळ हाताने घाला

डीप डिश म्हटलं की आपल्याकडे बऱ्याच जणांना जाडजूड पावासारखा बेस आठवतो, आणि मला ते अजिबात पटत नाही कारण शिकागोच्या डीप डिशचा बेस मुळात जाड नसतोच. खोल असतो तो टिन. पीठ पातळच थापायचं, कडांवर दीडेक इंच वर चढवायचं आणि आत सगळं भरायचं, बस.

मी शिकागोच्या उपनगरात राहते. इथली माणसं एरवी पातळ, चौकोनी तुकडे केलेला पिझ्झाच जास्त खातात, पण पाहुणे आले की डीप डिश हवाच. सुरुवात झाली 1943 ला, पिझ्झेरिया उनोमध्ये, मालक आईक सीवेल आणि रिक रिकार्डो. तिथल्या किचनमध्ये राबलेली आणि नंतर जीनोज ईस्ट या शिकागोतल्याच दुसऱ्या पिझ्झेरियात गेलेली ॲलिस मे रेडमंड मात्र फारशी कुणाला माहीत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण या पिझ्झाचा सगळा जीव पिठात आहे आणि पीठ तिच्यासारख्यांच्या हातचं होतं.

तर पीठ. नऊ इंची, दोन इंच खोल केक टिनसाठी 250 ग्रॅम मैदा, एक छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, पाऊण चमचा मीठ, चिमूटभर साखर, साधारण 120 मिली कोमट पाणी आणि तीन मोठे चमचे मक्याचं तेल (सूर्यफुलाचंही चालेल), वर चमचाभर बटर. तेल बघून घाबरू नका, हे मोहनच आहे, त्यानेच कड नानकटाईसारखी खुसखुशीत होते. आणि मळायचं फक्त एखाद-दोन मिनिटं! आपला हात पोळीच्या कणकेला सरावलेला असतो, मळत राहावंसं वाटतं, पण जास्त मळलं की ग्लूटेन (पिठाला चिवटपणा देणारं प्रथिनांचं जाळं) तयार होतं आणि बेस चिवट होतो. गोळा एकत्र आला की थांबा, झाकून दोन तास ठेवा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलंत तर चव अजून छान येते. काही जण मक्याचं पीठही घालतात, मी नाही घालत, मला ते रवाळ लागतं.

आता थर उलटे. आधी चीज, मग भाज्या किंवा सॉसेज, सॉस सगळ्यात वर. कारण सरळ आहे, हा पिझ्झा 220 डिग्रीला 30-35 मिनिटं भाजावा लागतो, चीज वर असलं तर करपेल, आणि खाली असलं की सॉसचं पाणी बेसपर्यंत पोचत नाही. मोझरेला कमी पाण्याचं घ्या, पाण्यातले मऊ गोळे नकोत, आणि किसण्यापेक्षा स्लाइस करून तळाशी पसरा, थोडं कडेला टिनला टेकू द्या म्हणजे इथल्या पीक्वॉड्स या पिझ्झेरियाच्या पिझ्झाला असते तशी काळपट कुरकुरीत कड मिळते, मला तर तीच सगळ्यात आवडते. इथे कच्च्या पोर्क सॉसेजचा थर देतात. आमच्याकडे पालक आणि मशरूम, पण दोन्ही आधी परतून पाणी पूर्ण आटवून, हे टाळू नका.

सॉस शिजवायचा नाही. डब्यातले अख्खे टोमॅटो हाताने कुस्करा, चाळणीत निथळू द्या, मीठ, ओरेगॅनो, थोडा लसूण, झालं. ओव्हनमध्ये तो आपोआप शिजतो आणि ताजा लागतो. वरून पार्मेजान.

ओटीजी असेल तर टिन खालच्या रॅकवर ठेवा, तळ नीट भाजला पाहिजे. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं तरी हात लावू नका, लगेच कापलात तर सगळं चीज ताटात वाहून जातं. उरला तर दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्ह नको, तव्यावर मंद आचेवर झाकण ठेवून गरम करा, तळ परत कुरकुरीत होतो.