तुम्ही विचारलंत म्हणून : ऐकू येत नाही, मग संवाद कसे लिहिता?

कथावाचनाचा कार्यक्रम संपला की चहाच्या टेबलाजवळ कुणीतरी येतं. आधी माझ्या कानामागच्या यंत्राकडे नजर जाते, मग जरा चाचरत प्रश्न येतो : "तुमच्या कथेतली माणसं इतकी खरी बोलतात, आणि तुम्हाला तर ऐकू येत नाही. मग संवाद कसे लिहिता?" तिथे उभ्याउभ्या मला नीट उत्तर देता येत नाही. खुर्च्या सरकत असतात, कपबश्या वाजत असतात, दहाजण एकदम बोलत असतात आणि यंत्र ते सगळं सरसकट मोठं करून कानात ओतत असतं. म्हणून इथे सावकाश सांगते.

मी जन्मापासून बहिरी नाही. चिपळूणला पत्र्याच्या घरात वाढले. पाऊस लागला की आमच्या घरात सगळेच ओरडून बोलायचे, त्यामुळे आवाज म्हणजे काय हे मला चांगलं माहीत आहे. १९९७ साली, एकविसाव्या वर्षी, आधी चिमण्या गेल्या. मग फोनची घंटी. मग कुकरची शिट्टी. कारण सापडलं नाही. तपासणीनंतर हातात जो आलेख मिळतो त्यात उजव्या कानासाठी लाल गोल असतात आणि डाव्या कानासाठी निळ्या फुल्या. डावीकडे जाडे आवाज, उजवीकडे बारीक, आणि खूण जितकी खाली तितकं ऐकू कमी. माझे गोल आणि फुल्या कुंभार्ली घाट उतरल्यासारख्या उजवीकडे खाली खाली जात होत्या, आणि दर दोन वर्षांनी सगळा घाटच आणखी खाली सरकायचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ७० डेसिबलची हानी असली की माणूस बधिर धरतात. आज मी त्या रेषेच्या बरीच पलीकडे आहे. (प्रमाणपत्रावर काहीही लिहोत, कुणी 'मूकबधिर' म्हटलं की मी लगेच थांबवते. मी मूक नाही. हातांनी बोलणारी माझी मित्रमंडळीही मूक नाहीत. संध्याकाळभर त्यांचं बोलणं संपत नाही.)

बारीक आवाज गेले की बोलण्याचं काय होतं, ते सांगते. स्वर जाडे, ठसठशीत, ते बराच काळ टिकतात. स, श, त, क, फ ही व्यंजनं बारीक, ती आधी जातात. त्यामुळे सात, खात, काच, ताट या सगळ्यांतून माझ्यापर्यंत एक 'आ' पोचायचा. उरलेलं ओठांवरून वेचायचं. तेही किती मिळणार? आरशासमोर उभ्या राहा आणि आवाज न काढता म्हणून बघा : बाबा, मामा, पापा. तीन माणसं, ओठ एकच. क, ग, ह तर मागे घशाकडे होतात, दिसतच नाहीत. ल कुठे आणि ळ कुठे, हे जिभेला ठाऊक, बघणाऱ्याला नाही. ओठांवर निम्म्याहून कमी भाषा असते. बाकीची मी भरते. आधी काय चाललं होतं, कोण कुणाशी बोलतंय, या बाईला या माणसाचा राग आहे का, आत्ता जेवणाची वेळ आहे का, या सगळ्यावरून वाक्य जुळवते. दिवसातून शेकडो वेळा. जुळलं नाही तर परत विचारते, आणि समोरचा "जाऊ दे, काही विशेष नाही" म्हणाला की मला खरंच वाईट वाटतं. विशेष आहे की नाही ते मला ठरवू द्या ना.

या सगळ्यात मला एक सवय लागली, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक तिच्यात आहे. चार माणसं बोलत असली की कोण बोलतंय हे मला आवाजावरून कळत नाही. ऐकणारे कुठे बघताहेत त्यावरून कळतं. म्हणून मी आधी ऐकणाऱ्यांची तोंडं बघते. बोलणाऱ्याचं वाक्य अर्धं झालेलं असतं तेवढ्यात ऐकणाऱ्याच्या गळ्यात काहीतरी हलतं, किंवा तो हातातली वाटी खाली ठेवतो. कथा लिहितानाही माझं तसंच होतं. संवादातलं ऐकणारं माणूस मी आधी लिहिते. सासू काय बोलली ते मला अजून माहीत नसतं, पण सून कणीक मळता मळता थांबली आणि अंगठ्यानं परातीचा काठ पुसायला लागली, हे दिसतं. मग सासूनं काय म्हटलं असेल ते शोधायचं. पहिल्या खर्ड्यात माझी कितीतरी वाक्यं बोलणाऱ्याशिवाय नुसती ऐकणाऱ्याची असतात.

हे मला सगळ्यात जास्त कुणी शिकवलं असेल तर माझ्या लेकीनं. ती २००४ मध्ये झाली तेव्हा मी दोन्ही कानांत यंत्रं घालत होते, पण रात्री ती काढावीच लागतात. ती काढली की माझ्या बाजूला बाळ रडतंय की झोपलंय, मला कळायचं नाही. पहिले काही दिवस मी झोपलेच नाही. मग सासूबाईंनी पाळण्याची दोरी माझ्या मनगटाला बांधली. रडायच्या आधी बाळ हातपाय झाडतं, पाळणा हलतो, दोरी ओढली जाते. रडण्याच्या आधीच मी उठलेली असे. अजूनही झोपेत कधी मनगट ओढल्यासारखं वाटतं आणि जाग येते.

दीड वर्षाची असताना ती बोलायच्या आधी माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवायची. कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या बाबांशी बोलताना ती असं करत नसे, ते पाठमोरे असले तरी हाक मारायची. मिठी मारली की तिचा गाल यंत्राला दाबून बसायचा आणि यंत्र शिटी घालायचं. ती शिटी मला त्या यंत्रातून ऐकू येणारा सगळ्यात लाडका आवाज होती.

नातेवाईक विचारायचे, "मुलगी ऐकते ना तुझं?" आपल्या भाषेत ऐकणं म्हणजे कानानं ऐकणं आणि ऐकणं म्हणजे सांगितलं तसं करणं. हा एकच शब्द दोन्हीकडे वापरताना आपल्याला काही वाटत नाही. माझ्या घरात ती दोन कामं वेगवेगळ्या माणसांकडे होती. ती माझ्यासाठी ऐकायची. दारावरची बेल, दूधवाला, शेजारच्या काकूंचा निरोप. मी त्याचं कौतुक करायचे. लोकही करायचे, किती शहाणी मुलगी म्हणून.

२०१३ मध्ये माझ्या काखेत गाठ आली. घरात तेव्हा दुसरं कुणी नव्हतं, म्हणून नऊ वर्षांच्या लेकीला बरोबर घेऊन मी दवाखान्यात गेले. डॉक्टर खाली मान घालून लिहीत बोलत होते, दाट मिशा, ओठ दिसेनात. मी सांगितलं, मला ऐकू येत नाही, जरा वर बघून बोला. त्यांनी वर बघितलं आणि माझ्याऐवजी मुलीकडे बघून बोलायला लागले. मीही तिच्याकडेच बघत होते. तिनं आधी माझ्या पर्सचा पट्टा धरला. मग बोटाभोवती गुंडाळला, एक वेढा, दुसरा वेढा, बोटाचं टोक पांढरं होईपर्यंत. चेहरा अगदी जागच्या जागी. मग माझ्याकडे वळून, प्रत्येक शब्द नीट सोडवत, मला कळेल अशा बेतानं म्हणाली, "काही नाही गं आई. गोळ्या घ्यायच्या."

डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवायचं सांगितलं होतं, आणि तो शब्दही उच्चारला होता. हे मला तासाभरानं त्यांच्या चिठ्ठीवरून कळलं. पण खरं सांगते, मला तिथेच कळलं होतं. पट्ट्यावरून.

गाठ साधी निघाली. माझ्या मनात मात्र ते बोट राहिलं. नऊ वर्षांच्या मुलीनं आईच्या मरणाची शक्यता ऐकायची, ती गिळायची आणि तिच्या जागी दुसरं वाक्य घडवून आईला द्यायचं, हे काम मी तिच्यावर टाकलं होतं. डॉक्टरांनी चूक केली, ती मी त्यांना पुढच्या वेळी सांगितली. पण माझी चूक आधीची होती. त्या दिवसापासून दवाखाना, बँक, शाळेतली पालकसभा, कुठेही मी तिला दुभाषी केलं नाही. वही आणि पेन घेऊन जाते आणि लिहून द्या म्हणते. वेळ जास्त लागतो, मागे रांग वाढते. वाढू दे. २०२० मध्ये सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले आणि ओठ एका दिवसात नाहीसे झाले, तेव्हा त्या वहीनंच मला तारलं. ज्यांच्या घरी बहिरे आईबाप आणि ऐकणारी मुलं आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : बेल ऐकून दार उघडायला मुलांना जरूर सांगा, पण दवाखान्यात त्यांना आपल्या आणि डॉक्टरांच्या मधे उभं करू नका.

गाठीच्या पुढच्या वर्षी, २०१४ मध्ये, मी सांकेतिक भाषा शिकायला लागले, अडतिसाव्या वर्षी. ती शिकल्यावर कळलं की मी जे चोरून, अंदाजानं वाचत होते ते तिथे उघड व्याकरण आहे. भुवया वर गेल्या की हो-नाहीचा प्रश्न. काय, कुठे, कोण हे शब्द वाक्याच्या शेवटी येतात. चेहरा सपाट ठेवून हात हलवले तर वाक्य अपुरं राहतं. माझ्या हातांना मात्र मराठीचा हेल आहे आणि तो जात नाही. बालपणापासून ही भाषा बोलणारी माणसं तो लगेच ओळखतात.

एक गेलं की देव दुसरं देतो, असं मला प्रेमानं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते मान्य नाही. संध्याकाळपर्यंत शब्द जुळवून जुळवून माझे डोळे दुखायला लागतात, रात्रीच्या अंधारात नवऱ्याशी बोलता येत नाही, आणि लेकीचा वयात आल्यानंतरचा आवाज मी कधी ऐकलेला नाही. हे नुकसान आहे. कथा लिहिल्यानं ते भरून येत नाही.

आवाजांची वर्णनं कशी करता, असाही प्रश्न येतो, म्हणून तेवढं सांगते. मराठीनं मला इथे फार हात दिला. खळखळ, सळसळ, रिमझिम हे शब्द कानाचे. पण त्याच घडणीचे कितीतरी शब्द कानाचे नाहीतच. काजवा लुकलुकतो, दिवा मिणमिणतो, जखम चुरचुरते, दाढ ठसठसते, ऊन रखरखतं. त्यांना आवाज नाही, तरी ते वाजतात. मी आवाज लिहायला बसते तेव्हा तो कुठल्या प्रकाशासारखा किंवा कुठल्या दुखण्यासारखा आहे ते आधी शोधते. मोहरी तडतडते हे मला हाताच्या पाठीवर उडालेल्या थेंबावरून कळतं, आणि तसंच लिहिते.

गेल्या महिन्यात एका कथेत अडले होते. भांडण चाललंय, आणि स्टीलचं ताट हातातून सुटून काठावर गोल फिरत फिरत थांबतं. तो आवाज मला आठवत होता, पण शेवट आठवेना. लेक आता बाहेरगावी शिकते. तिला मेसेज केला. तिचं उत्तर आलं : "आधी सावकाश सावकाश, मग ताट जसं आडवं होत जातं तसं भरभर, खूप भरभर, आणि मग एकदम काहीच नाही. हळूहळू कमी नाही होत गं. तुटतं."

मी स्वयंपाकघरात गेले, ताट काठावर उभं करून फिरवलं आणि तळहात फरशीवर टेकवला. ती म्हणाली तसंच होतं.