दोघंच असता बोटीवर, भांडत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, भांडतो. शिडाच्या छोट्या बोटीवर दोघंच असलं की रागावून जायला दुसरी खोलीच नसते. पण गंमत म्हणजे आमची निम्मी भांडणं नांगर टाकतानाच झालीयेत.

सुरुवातीला सगळी जोडपी करतात तेच आम्ही करायचो, नवरा सुकाणूवर आणि मी पुढच्या टोकाला जड साखळीशी झटापट करत, वाऱ्यात आणि इंजिनच्या आवाजात एकमेकांचं काही ऐकू येत नाही म्हणून ओरडायचं आणि ओरडलं की समोरच्याला वाटतं हा चिडलाय. मग डोक्यात आलं की सुकाणू धरायला ताकद लागतेच कुठे? आता मी सुकाणूवर, तो नांगरावर, आणि बोलायचं फक्त हातवाऱ्यांनी. मूठ वर म्हणजे थांब. (बाकीच्या खुणा इथे लिहिण्यासारख्या नाहीत.)

साखळीच्या हिशोबावरूनही एकदा जुंपली होती. नांगर धरून राहावा म्हणून साखळी खोलीच्या पाचपट सोडतो; पाणी ५ मीटर खोल, म्हणून २५ मीटर सोडली आणि झोपलो. पण बोटीचं टोक पाण्याच्या वर १ मीटर असतं आणि रात्री भरती २ मीटर चढणार होती, म्हणजे हिशोब ८ चा, ४० मीटर हवी होती. पूर्ण भरतीला आम्ही जेमतेम तिपटीवर आलो, वारा वाढला, नांगर घसरायला लागला. रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन भरती कोण विसरलं यावर चर्चा!

बाकी दिवस शांतच जातो. ५ नॉट्सने ५-६ तास म्हणजे २५-३० सागरी मैल, त्याहून जास्त आम्ही ठरवतच नाही. खारे वारे दुपारनंतर जोर धरतात म्हणून सकाळी लवकर निघायचं.

एका नियमावर मात्र तडजोड नाही. दोघांतला एक पाण्यात पडला तर उरलेल्या एकट्याने बोट थांबवायची, पडलेल्यावरून नजर हलवायची नाही आणि भिजलेलं जड माणूस वर ओढायचं, हे सगळं एकाच वेळी. म्हणून रात्री स्वतःला बोटीशी बांधून ठेवणारा पट्टा अडकवल्याशिवाय बाहेर यायचं नाही, आणि दुसऱ्याला उठवल्याशिवाय बोटीच्या पुढच्या भागात जायचं नाही. एकदा वारा वाढला तर हा मला झोपू द्यावं म्हणून एकटाच पुढे जाऊन शीड आखूड करून आला आणि सकाळी कौतुकाने सांगतोय. ते भांडण अजून चालू आहे.