आमची वाटचाल: दोरा बांधलेली फांदी

उरुळी कांचनला अण्णांनी नर्सरी टाकली तेव्हा बोगनवेलीला कुंपणाच्या काट्यापलीकडे भाव नव्हता. मग आम्ही मेरी पामर आणली. एकाच झाडावर पांढरा आणि राणी रंग! ही जात कलकत्त्यात १९४९ साली मिसेस एच. सी. बक या जातीच्या झाडावर फांदीच बदलून निघालेली.

पहिली मोठी ऑर्डर मात्र आम्हीच घालवली. एका सोसायटीला दिलेली चाळीस रोपं फुलली, तर निम्मी नुसती राणी. चूक माझी. काड्या काढल्या जूनमध्ये, झाडाला फूल नसताना. मेरी पामरची एखादी फांदी गुपचूप जुन्या रंगावर जाते, आणि जी काडी लावाल तिचाच रंग रोपाला येतो. रोपं फुकट बदलून दिली. तेव्हापासून मार्चमध्ये, झाड भरात असताना, दोन्ही रंग दिसणाऱ्या फांदीला लाल लोकरीचा दोरा बांधतो. पावसाळ्यात कात्री फक्त दोऱ्याच्या फांदीवर.

‘बी लावून स्वस्तात करा की,’ असं गिऱ्हाईक सांगतं. बी धरतंय कुठे? ओळखीच्या एका प्राध्यापकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं: चांगला परागकण टम्म, लाल रंग पिणारा, आमच्या संकरित झाडाचे बहुतेक चपटे, रिकामे. बोगनवेलीत साधारण ३४ गुणसूत्रं, म्हणजे १७ जोड्या. संकरात आईकडची आणि बापाकडची एकमेकांशी नीट जुळत नाहीत, वाटणी बिघडते, पराग पोकळ राहतो. काही जातींत ५१ असतात, म्हणजे प्रत्येकाच्या तीन प्रती. तिथे तिसऱ्याला जोडीदारच नाही.

लखनौला वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. खोशू आणि सहकाऱ्यांनी यावर नामी तोड काढली. कोल्चिसीन नावाचं रसायन लावून वांझ संकराची गुणसूत्रं दुप्पट केली. प्रत्येकाला स्वतःचीच जुळी जोडीदार मिळाली, आणि झाड बी धरू लागलं. नवे संकर करायची वाट त्यातून मोकळी झाली. आमच्यासारख्यांच्या हातात ते काम नाही, आम्ही काडीवाले.

यंदा मागच्या बांधावरच्या जुन्या मिसेस बकच्या एका फांदीला फिकट कडेची फुलं आली. एकच फांदी. मावशींनी हाक मारून दाखवली. पिवळा दोरा बांधलाय, चार काड्या वेगळ्या पिशव्यांत लावल्यात. पुढच्या मार्चपर्यंत विकणार नाही.